टब गच्चीवर की अंगणात?

वाचकाचं पत्र

नमस्कार. आमचा नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला दोन मजली बंगला आहे, बांधून सतरा वर्षं झाली. सासरे बहात्तर वर्षांचे आहेत. दोन्ही गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे. मागच्या हिवाळ्यात एका रिसॉर्टवर मी आणि नवरा हॉट टबमध्ये बसलो, तेव्हापासून घरी तसा टब बसवायचं आमच्या डोक्यात आहे. बाबांच्या गुडघ्यांनाही आराम पडेल. त्यांना अजून सांगितलेलं नाही, सरप्राइज द्यायचं आहे.

नवऱ्याला टब गच्चीवर हवा, तिथून सूर्यास्त छान दिसतो. मला भीती वाटते. विक्रेता म्हणतो, "स्लॅबला काही होत नाही, वर पाण्याची टाकी असतेच की." मागच्या अंगणात आंब्याजवळ जागा आहे, पण तिथे जायला घराच्या बाजूने साडेतीन फुटांचीच बोळ आहे. घरात चार आणि नऊ वर्षांची दोन मुलं आहेत. पाणी महापालिकेचं, उन्हाळ्यात बोअरचं. गच्चीवर २०० लिटरचा सोलर आहे, त्याचं गरम पाणी वापरता येईल का? महिन्याचं वीजबिल किती वाढेल? विक्रेता या महिन्यात बुकिंग केलं तर सूट देतो म्हणतो. शिवाय ओळखीच्या एकांकडे परदेशातून आणलेला जुना टब स्वस्तात मिळतो आहे. काय करावं?

— एक वाचक, नाशिक

उत्तर

ताई, नमस्कार.

गच्चीवर नको. विक्रेत्याने टाकीचा दाखला दिलाय, म्हणून आधी तोच तपासून बघू.

चार-पाच माणसांचा साधारण टब दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि नव्वद सेंटिमीटर उंच असतो. त्यात सुमारे १,२०० लिटर पाणी मावतं, म्हणजे १,२०० किलो. रिकामा टब ३०० किलोंच्या आसपास. पाच माणसं बसली की आणखी साडेतीनशे. एकूण १,८५० किलो, आणि हे सगळं चार चौरस मीटरवर. म्हणजे दर चौरस मीटरला साडेचारशे किलोंहून जास्त. आपल्याकडे घराचे स्लॅब ज्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागानुसार, डिझाइन होतात, त्यात वावर असलेल्या गच्चीसाठी धरलेला भार आहे चौरस मीटरला दीडशे किलोंच्या आसपास. घरातल्या खोल्यांसाठी दोनशे. तुमचा टब त्या दीडशेच्या तिप्पट आहे.

मग टाकी कशी राहते? टाकी स्लॅबच्या मधोमध नसते. बहुतेक बंगल्यांत ती जिन्याच्या टॉवरवर असते, खाली चार कॉलम जवळजवळ, आणि आरसीसी डिझाइन करताना इंजिनिअरने तिचं वजन पहिल्या दिवसापासून हिशोबात धरलेलं असतं. टबचं वजन सतरा वर्षांपूर्वी कोणी धरलेलं नाही. त्यात तुमच्या गच्चीवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे गळती थांबवायला घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर, असणारच. चार-साडेचार इंचांचा कोबा म्हटला तरी चौरस मीटरला दोनशे किलोंच्या घरात वजन तो आधीच टाकून बसलाय.

टब ठेवला त्या दिवशी स्लॅब कोसळणार नाही, आणि त्यामुळेच हे जास्त फसवं आहे. डिझाइनमध्ये सुरक्षिततेची सूट ठेवलेली असते, म्हणून पहिले काही महिने सगळं ठीक दिसतं. विक्रेता फोटो काढून जातो. कायमचं वजन असलं की काँक्रीट वर्षानुवर्षं हळूहळू वाकत राहतं. आधी कोब्याला केसासारख्या भेगा, मग पावसाळ्यात खालच्या बेडरूमच्या छताला ओल, मग ओलीने सळई गंजायला सुरुवात. टबचा स्वतःचा एखादा जॉइंट गळायला लागला तरी तो कोब्याखालून कुठे बाहेर येईल याचा नेम नाही. आणि टबमधले पाण्याचे जेट सुरू झाले की त्यांची घरघर स्लॅबमधून थेट खालच्या खोलीत उतरते, ते वेगळंच.

तुमच्या यजमानांना सूर्यास्त हवाच असेल तर त्याचाही रस्ता आहे, पण तो खर्चिक आहे. घराचे मूळ आरसीसी नकाशे काढा. ज्यांच्याकडे ते असतील अशा आर्किटेक्टला किंवा इंजिनिअरला गाठा. स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवा. तो कदाचित म्हणेल की कॉलमच्या डोक्यांवर टेकणारे लोखंडी गर्डर टाकून त्यावर टब बसवता येईल, म्हणजे भार स्लॅबवर न येता कॉलममधून घराच्या पायात जाईल. पण कॉलम आणि त्यांच्या खालचं फुटिंग तेवढं पेलतील का, हे त्यालाच तपासावं लागेल, आणि ते त्याच्या सहीनिशी कागदावर हवं. विक्रेत्याचं "काही होत नाही" हे कागदावर मागून बघा. चर्चा तिथेच संपेल.

आता बाबांकडे येते. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: हे सगळं त्यांच्या गुडघ्यांसाठी आहे, आणि त्यांना ते माहीतच नाही.

कल्पना चुकीची नाही. ज्यांच्या नावाने असे टब ओळखले जातात त्या जकुझी कुटुंबाची गोष्टच तशी आहे. इटलीतून कॅलिफोर्नियात गेलेले हे भाऊ आधी विमानांचे पंखे आणि मग शेतीचे पंप बनवत. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्यातल्या कँदिदोने संधिवात झालेल्या आपल्या लहानग्या मुलासाठी बाथटबमध्ये सोडायचा पंप तयार केला. चैनीचा टब त्यातून पुढे आला. पाण्यात शरीर हलकं होतं. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहिलं तरी गुडघ्यांवरचा भार जवळपास निम्मा होतो. उबेने स्नायू सैलावतात, आखडलेपणा कमी होतो. सांध्यातली झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांमधली गादी, मात्र परत येत नाही. तेवढी अपेक्षा ठेवू नका.

पण टबाची भिंत नव्वद सेंटिमीटर उंच आहे. ज्याचे गुडघे दुखतात, त्याने ती ओलांडायची कशी? दोन पायऱ्या चढून, काठावर उभं राहून, ओल्या फायबरवर पाय टाकून आत उतरायचं, आणि बाहेर येताना तेच उलट, गरम पाण्याने अंग सैल झालेलं असताना. गच्चीवर ठेवलात तर त्याआधी दोन जिने. रिसॉर्टवर तुम्ही दोघं उडी मारून बसलात, म्हणून हे लक्षात आलं नसावं.

दुसरं, बीपीची गोळी. गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात, दाब उतरतो. गोळीनेही उतरतो. माणूस बसलेला असतो तोवर छान वाटतं, उठला की डोळ्यांपुढे अंधारी. त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना आत बसवू नका. मधुमेह असेल तर तेही सांगा, कारण तळपायांना बधिरपणा असला की पाणी किती गरम आहे हे कळत नाही. डॉक्टर हो म्हणाले तर पाणी ३६–३७ अंशांवर, वेळ सुरुवातीला दहा मिनिटं, शेजारी घरातलं कोणीतरी, आणि उठताना आधी काठावर दोन मिनिटं बसणं. निरोगी माणसासाठीही ४० अंश ही वरची मर्यादा आहे.

तेव्हा सरप्राइज राहू द्या. त्यांना विचारा. चारचौघांत चड्डीवर बसायला त्यांना आवडेल का, हाही प्रश्नच आहे; त्या पिढीतल्या पुष्कळांना नाही आवडत. टब असलेल्या एखाद्या ठिकाणी त्यांना एक दिवस घेऊन जा. आत उतरताना-चढताना त्यांना काय त्रास होतो ते डोळ्यांनी बघा. ते बसले, खूश झाले, दुसऱ्या दिवशी "परत कधी जायचं" म्हणाले, तर पुढचं सगळं वाचा. नाही म्हणाले तर न्हाणीघरात दोन भक्कम दांडे, न घसरणारी फरशी आणि बसून अंघोळ करायला चांगला स्टूल एवढं करा. टबच्या किमतीच्या मानाने तो खर्च काहीच नाही, आणि रोज उपयोगी पडेल. टब मग तुमच्या दोघांसाठी घ्या, पण बाबांचं नाव पुढे करून नको.

ते हो म्हणाले असं धरून चालू.

जागा मागचं अंगणच. पण आंब्याखाली नाही. मोहोर, चीक, पानं, पक्ष्यांची शिट, सगळं पाण्यात येईल, आणि मुळं पायाखाली शिरतील. झाडापासून जमेल तितकं लांब, घराच्या मागच्या दाराजवळ घ्या. ओल्या अंगाने डिसेंबरच्या रात्री चालायचं अंतर जितकं कमी तितकं बरं. वरून पावसाला आणि उन्हाला आडोसा म्हणून पत्र्याची किंवा पॉलिकार्बोनेटची साधी शेड असू द्या. झाकणाचं रेक्झिन नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात लवकर तडकतं.

बाबांसाठी टब अर्धा जमिनीत बसवा. काठ जमिनीपासून साधारण ४५ सेंटिमीटरवर, खुर्चीच्या उंचीचा. म्हणजे आधी काठावर बसायचं, हाताशी असलेला स्टीलचा दांडा धरायचा, मग एकेक पाय आत घेऊन बाकावर सरकायचं. दांडा टबला नाही, बाहेर काँक्रीटमध्ये गाडलेला हवा. मात्र अर्धा गाडायचा म्हटलं की खड्डा आला, आणि खड्डा म्हटला की नाशिकच्या पावसाळ्यात त्यात पाणी आलं. मोटर, हीटर, वायरिंग सगळं टबच्या तळाशी एका बाजूला असतं. तिथे पाणी साचलं की संपलं. म्हणून खड्ड्याच्या तळाला उतार द्या आणि पाणी बाहेरच्या चेंबरमध्ये आपोआप जाईल असा पाइप टाका. चेंबरची पातळी वर असेल तर कोपऱ्यात छोटा खळगा ठेवून त्यात फ्लोटवर चालणारा सबमर्सिबल पंप बसवा. हे दोन्ही जमणार नसेल तर टब जमिनीवरच ठेवा आणि बाजूला रुंद, कमी उंचीच्या, दांडा लावलेल्या पायऱ्या बांधा. बाबांना ते थोडं अवघड जाईल, पण बुडालेली मोटर कोणालाच कामाची नाही.

मोटरच्या बाजूला माणूस बसून काम करू शकेल इतकी, निदान अडीच फूट मोकळी जागा ठेवा, वर उचलता येणारी जाळी टाका. इथे लोक हमखास फसतात. चारही बाजूंनी सुंदर दगडी लादी लावून घेतात, आणि पहिली गळती झाली की तीच लादी फोडायला लागते.

खालचा पाया गवंड्याला सांगताना "कोबा कर" एवढ्यावर सोडू नका. आधी खणून बघा. काळी माती लागली तर ती पूर्ण काढा, कारण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. टब एका कोपऱ्याने खचला की त्याचं फायबरचं शेल तडकतं. मुरूम लागेपर्यंत खाली जा, मुरूम भरून पाणी मारून ठोका, रबल सोलिंग, त्यावर पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट), आणि वर सळई घातलेला सहा इंची, एम-२० प्रतीच्या काँक्रीटचा स्लॅब. वरचा पृष्ठभाग पूर्ण लेव्हलमध्ये हवा. आपल्या गवंड्यांना सवयीने उतार काढायचा असतो. त्यांना सांगा, उतार टबच्या बाहेरच्या जागेला, टबखाली नाही. आणि काँक्रीट ओतायच्या आधी वायरचा आणि पाण्याचा पाइप गाडून घ्या. नंतर आठवलं की ब्रेकर लागतो. ओतल्यावर निदान दोन आठवडे पाणी मारत राहायचं, टब त्यानंतर आणायचा.

साडेतीन फुटांच्या बोळीतून टब जाईल का? साडेतीन फूट म्हणजे १०६ सेंटिमीटर. टब आडवा, कुशीवर उभा करून ट्रॉलीवर नेतात, तेव्हा त्याची जाडी नव्वद-पंचाण्णव सेंटिमीटर होते. म्हणजे कागदावर जातो. पण तुम्ही बोळीची रुंदी भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजली असणार. एसीचं बाहेरचं युनिट, गॅस सिलिंडरचा पिंजरा, ड्रेनेजचे पाइप, खिडकीचा छज्जा, चेंबरचं वर आलेलं झाकण, यातलं जे सर्वात अरुंद ठिकाण असेल तीच तुमची रुंदी. उंचीही बघा, कारण कुशीवरचा टब ट्रॉलीसकट सव्वादोन मीटरच्या वर जातो. आणि बोळीला काटकोनात वळण असेल तर विसरा. दोन मीटर लांबीची वस्तू एवढ्या जागेत वळत नाही. मग हायड्रा क्रेन बोलवावी लागेल आणि टब कंपाउंडवरून किंवा घरावरून उचलून घ्यावा लागेल. त्यासाठी रस्त्यावरच्या महावितरणच्या तारा कुठून जातात ते आधी बघा. तारा आड येत असतील तर महावितरणशी बोलून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय हायड्राचा हात वर जाऊ देऊ नका.

विजेबद्दल मी कडक आहे. पाण्यात उघड्या अंगाने बसलेला माणूस आणि २३० व्होल्ट यांच्यामध्ये जे काही असेल ते उत्तमच हवं. हीटर ३ किलोवॅट, पंप दीड-दोन किलोवॅट, म्हणजे एकट्या टबला बावीस अँपिअरच्या आसपास. गीझरच्या पॉइंटवरून हे चालत नाही. मीटरजवळच्या बोर्डापासून स्वतंत्र लाइन, निदान ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ३२ अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. पुष्कळ वायरमन म्हणतात, "एमसीबी आहे ना." एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही. शॉक बसताना लाइन तोडतो तो आरसीसीबी. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं. अर्थिंगचा खड्डा सतरा वर्षांपूर्वीचा असेल तर मोजून घ्या, गरज पडली तर नवा करा. मेन स्विच टबमधून हात पोहोचणार नाही इतका लांब पण नजरेसमोर असावा. वीजबिलावर मंजूर भार लिहिलेला असतो, तो बघा. एसी आणि गीझरच्या जोडीला हे पाच किलोवॅट त्यात बसत नसतील तर महावितरणकडे वाढवून घ्यावा लागेल, कदाचित थ्री फेज करावं लागेल. टब येण्याआधी अर्ज करा, त्याला वेळ लागतो.

बिल किती वाढेल, हे विक्रेत्याला विचारू नका, स्वतः काढा. १,२०० लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे १.४ युनिट लागतात. डिसेंबरात नळाचं पाणी २० अंशांवर असेल आणि ३८ वर न्यायचं असेल, तर १८ अंशांचे २५ युनिट, आणि ३ किलोवॅटच्या हीटरला आठ-साडेआठ तास. म्हणजे संध्याकाळी सातला बसायचं तर सकाळी साडेदहाच्या आत बटण दाबायचं. नंतरचा खर्च झाकणावर ठरतो. उष्णता सगळ्यात जास्त वाफेवाटे जाते: पंधरा लिटरची एक बादली भरेल इतकं पाणी वाफ होऊन उडालं की त्याबरोबर दहा युनिट उडाले. म्हणून जाड फोमचं, काठाला घट्ट बसणारं झाकण हवं. विक्रेत्याने ते "ऑप्शनल" म्हटलं तर समजा की त्याला टब विकायचाय, वापरायला द्यायचा नाही. रात्री हीटर बंद करून झाकण घाला, सकाळी थर्मामीटर बघा. चार अंश उतरलं असेल तर रात्रीचे साडेपाच-सहा युनिट गेले. त्याला तुमच्या वीजबिलातल्या स्लॅबच्या दराने गुणा. ३०० युनिटच्या वर गेलात की महावितरणचा दर कसा चढतो, ते तुमच्याच जुन्या बिलात दिसेल.

"सतत गरम ठेवलं तर स्वस्त पडतं" असंही तुम्हाला सांगतील. रोज बसणाऱ्यांच्या बाबतीत फरक थोडा असतो. फक्त शनिवार-रविवार बसणाऱ्यांसाठी ते खोटं आहे. पाणी जितकं थंड, तितकी त्यातून उष्णता कमी जाते. मधले दिवस हीटर बंद ठेवा. पंप मात्र रोज थोडा वेळ फिरलाच पाहिजे.

सोलरचा उपयोग टब नव्याने भरताना होईल. २०० लिटर ६० अंशांचं पाणी ओतलं तर नऊ युनिट वाचतील, त्या दिवशी घरातल्यांनी अंघोळीला गीझर लावावा. रोजच्या तापवण्यात सोलर काही मदत करणार नाही, आणि त्याच्या वाटेत नवी पाइपलाइन टाकत बसू नका.

मेमध्ये काय करणार, याचाही विचार करा. नाशिकला पारा चाळिशीला टेकतो तेव्हा गरम पाण्यात कोणी बसत नाही. टब तेव्हा रिकामा करून, पुसून, झाकून ठेवा. उघड्या, न हलणाऱ्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, आणि बंद पडलेल्या टबखालच्या फोममध्ये घुशी घर करतात, वायरी कुरतडतात. खालच्या फटींना बारीक जाळी लावा.

पाण्याचं काम मात्र आयुष्यभराचं आहे, आणि ते कोणी करायचं हे आधी घरात ठरवा. कोमट पाणी जंतूंना आवडतं. लिजिओनेला नावाचा जंतू साधारण २० ते ४५ अंशांत वाढतो, जेटच्या तुषारांतून फुप्फुसात जातो आणि न्यूमोनिया करतो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या संमेलनात साथ आली, त्यानंतर तो ओळखला गेला. म्हाताऱ्या माणसांना त्याचा धोका जास्त. दुसरा एक जंतू अंगावर पुरळ उठवतो. दोन्हींवर उपाय एकच, तो म्हणजे क्लोरीन. प्रमाण निदान ३ पीपीएम (दहा लाख भागांत तीन), पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप, ७ ते ७.८ च्या मध्ये. चाचणीच्या पट्ट्या मिळतात, बसण्याआधी दर वेळी एक बुडवून रंग बघायचा. गरम पाण्यात क्लोरीन झपाट्याने उतरतं, तेव्हा गेल्या आठवड्यात टाकलं होतं हे उत्तर चालत नाही.

आत जाण्याआधी साबण लावून अंघोळ आणि पुरतं धुऊन येणं. तेल लावून तर अजिबात नाही. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानानंतर टबमध्ये बसायची कल्पना घरात कोणाला तरी सुचणारच. तेल आणि उटणं फिल्टरमध्ये असं बसतं की तो टाकूनच द्यावा लागतो.

बोअरचं पाणी भरू नका. आपल्याकडच्या काळ्या खडकातलं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, आणि तापलं की त्यातला चुना हीटरवर बसतो. तुमच्या गीझरचं एलिमेंट काढून बघा, म्हणजे मला काय म्हणायचंय ते दिसेल. महापालिकेचं पाणी भरा, पण त्याचं भान ठेवा: शहरी पाणीपुरवठ्याचा माणशी १३५ लिटरचा हिशोब धरला तर एक टब म्हणजे नऊ माणसांचं दिवसाचं पाणी. दर दोन-तीन महिन्यांनी ते बदलायचं आहे. धरण आटलेलं असताना शेजाऱ्यांसमोर टब भरायला अवघड वाटेल, आणि वाटायलाही हवं. काढलेलं पाणी बागेला घालता येईल. क्लोरीन न टाकता, मुलं त्या बाजूला फिरकणार नाहीत याची खात्री करून, दोन-तीन दिवस उघडं ठेवा आणि पट्टीवर क्लोरीन शून्य दिसलं की सोडा.

मुलांबद्दल थोडक्यात. चार वर्षांच्या मुलाला आत बसवूच नका, पाच वर्षांखालच्या मुलांचं अंग फार लवकर तापतं. झाकणाला कुलूप हवं, आणि किल्ली मोठ्यांकडे. तळाशी पाणी ओढणाऱ्या जाळ्या दोन असाव्यात, घुमटाकार, घट्ट बसलेल्या. अमेरिकेत २००२ मध्ये व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी हॉट टबच्या तळाच्या ओढीला अडकून बुडाली. माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची ती नात. त्यानंतर २००७ मध्ये तिच्या नावाने अशा जाळ्यांची सक्ती करणारा कायदा तिथे झाला. जाळी तुटलेली किंवा निघालेली दिसली तर ती बदलेपर्यंत टब बंद. तुमचं नऊ वर्षांचं मूल लांब केसांचं असेल तर केस बांधूनच आत.

राहिला तो जुना परदेशी टब. त्याची पाटी वाचा. अमेरिकेतून आलेला असेल तर तो ६० हर्ट्झचा असतो, आपली वीज ५० हर्ट्झची. तिथली मोटर इथे हळू फिरते, गरम होते, आणि घड्याळ-नियंत्रण सगळं बिनसतं. वायरिंगची पद्धतही वेगळी. शिवाय वर्षानुवर्षं वापरलेल्या टबच्या आतल्या नळ्यांमध्ये बुळबुळीत थर बसलेला असतो, तो बाहेरून दिसत नाही आणि सहज निघत नाही. त्याचे सुटे भाग नाशिकमध्ये कोण देणार? फुकट मिळाला तरी घेऊ नका.

आणि सवलतीसाठी बुकिंगची घाई करू नका. विक्रेत्याकडून आता फक्त माहितीपत्रक मागा, ज्यात भरलेल्या टबचं वजन, व्होल्टेज आणि हर्ट्झ, हीटरची क्षमता, मोटर कोणत्या बाजूला आहे, आणि झाकण किमतीत धरलंय का हे लिहिलेलं असेल. दुरुस्तीला माणूस नाशिकचा आहे की मुंबईहून येणार, तेही विचारा. पाया आणि वायरिंग व्हायला दीड-दोन महिने लागतील. तोवर यंदाची थंडी गेलेली असेल, आणि उन्हाळ्यात टब घेणारं गिऱ्हाईक कमी, तेव्हा यापेक्षा बरी सूट तुम्हाला मागता येईल.